सायकल सहलीचा एक दिवस: आधी मुक्काम, मग किलोमीटर

थंडी पडू लागली की कुपवाड, सांगली, मिरजेत सायकल चालवणाऱ्यांचे बेत सुरू होतात. रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर फिरून येणाऱ्यांना आता तीन-चार दिवसांची सहल काढावीशी वाटते, सोबत तंबू न्यावासा वाटतो. मग दरवर्षी तेच प्रश्न निघतात. दिवसाला किती किलोमीटर धरायचे? तंबू लावायला परवानगी कोणाची? गिअरची सायकल हवीच का? एकजण थकला तर बाकीच्यांनी काय करायचे? ट्रॅक्टरने धडक दिली तर सायकलवाल्याला भरपाई मिळते का?

यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे एका दिवसाच्या आखणीत आहेत. एक दिवस नीट बसला की पुढचे दिवस त्याच घडीवर चालतात. म्हणून इथे कुपवाडहून निघणाऱ्या सहलीचा पहिला दिवस घेतला आहे: माधवनगर, नांद्रे, वसगडे, पलूस, कुंडल आणि मुक्कामाला देवराष्ट्रे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. पुढे कराड आणि तिथून कोयनेच्या काठाने पाटण, कोयनानगर असा मार्ग वाढवता येतो.

किलोमीटर कसे ठरवायचे?

बहुतेक गट उलटे करतात. मोबाइलवर नकाशा उघडतात, नव्वद किलोमीटरवर बोट ठेवतात आणि संध्याकाळी जिथे पोहोचतील तिथे जागा शोधू म्हणतात. मग सहानंतर लवकरच अंधार पडतो, गाव अनोळखी असते, पाय बोलत असतात आणि जी जागा मिळेल ती पत्करावी लागते.

तुम्ही आधी मुक्काम पक्का करा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर लवकरच मावळतो. हातात उजेडाचे जेमतेम अकरा तास असतात. त्यातला शेवटचा दीड तास तंबू, पाणी, स्वयंपाक आणि सायकलींच्या तपासणीचा. म्हणजे साडेचारला शेवटचा माणूस मुक्कामावर हवा. दुपारचे दोन तास जेवण आणि विश्रांतीचे. उरले साडेसात तास.

गटाचा वेग हा शेवटच्या माणसाचा वेग असतो. सपाट रस्त्यावर तुमचा गट ताशी पंधराने चालत असेल, तरी चहा, पंक्चर, फोटो, लघवीला थांबणे हे सगळे धरले तर तासाला दहा किलोमीटरच पदरात पडतात. त्या हिशेबाने पन्नास किलोमीटरला पाच तास लागतात आणि अडीच तास शिल्लक राहतात. ते अनपेक्षित अडचणींसाठी राखून ठेवा. पहिल्या दिवशी पन्नास, सरावलेल्या गटाने दुसऱ्या दिवसापासून साठ-सत्तर, आणि चढ असेल तर पुन्हा कमी, एवढे माप नवख्यांना पुरे. पाटणच्या पुढे कोयनानगरकडे निघालात की सपाटीचा हिशेब सोडून द्या.

सायकलीचेही याच मापाने ठरवा. कृष्णाकाठचा कराडपर्यंतचा बराचसा रस्ता साधी, बिनगिअरची सायकलही पार करते. एमआयडीसीत कामाला जाणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षे तसलीच सायकल दामटत आले आहेत. मात्र ब्रेक, टायर आणि सीटची उंची यांत तडजोड नको. कोयनेकडचे चढ करायचे असतील तरच गिअर हवेत. नवी सायकल घेऊन थेट सहलीला निघू नका. आधी सामानासकट दोन-तीन वेळा तिच्यावरून फिरून या.

तंबू कुठे लावायचा, विचारायचे कोणाला?

रिकामी दिसणारी जागा कोणाचीच नसते असे कधी होत नाही. मुक्कामाच्या गावात आठवडाभर आधी फोन करा. जमल्यास गटातल्या एकाने आधी जाऊन जागा डोळ्यांनी पाहावी. पर्याय असे:

- शाळेचे मैदान: मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत, दोघांचीही परवानगी घ्या. पाणी आणि स्वच्छतागृह जवळ असते, ही मोठी सोय. मात्र शाळा भरण्याआधी मैदान मोकळे आणि झाडलेले हवे. शनिवारी शाळा सकाळची असते, हे लक्षात ठेवून वार निवडा.
- देवस्थानाचा परिसर किंवा भक्तनिवास: विश्वस्तांशी बोला. काय खायचे-प्यायचे याचे तिथले नियम गटातल्या प्रत्येकाला निघण्याआधी सांगा.
- शेत, मळा: मालकाची परवानगी पुरते. खळे किंवा नुकतेच मोकळे झालेले रान उत्तम. उभ्या उसाच्या बांधावर मात्र तंबू नको.
- गायरान: ग्रामपंचायतीला विचारा आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला.
- वनजमीन: वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवे, कारण आपल्या मार्गावर गफलत इथेच होते. देवराष्ट्रेला लागून सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे अकरा चौरस किलोमीटरच, पण उजाड डोंगरावर माणसांनी झाडे लावून, जपून उभे केलेले हे रान आहे आणि आज तिथे सांबर, चितळ आहेत. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी केलेले काम या भागात सर्वांना ठाऊक आहे. दिवसा रीतसर प्रवेश घेऊन ते जरूर पाहा. तंबू आणि चूल मात्र बाहेरच, गावाच्या हद्दीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात विनापरवानगी जाणे हा गुन्हा आहे. राखीव वनात शिरणे आणि आग पेटवणे भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा ठरते. पुढे चांदोली-कोयनेच्या बाजूला गेलात तर तिथे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे ‘कोणी बघत नाही’ हा विचारही मनात आणू नका.

परवानगी तोंडी मिळाली तरी ती देणाऱ्याचे नाव आणि फोन नंबर गटातल्या दोघांकडे असू द्या. रात्री गस्तीला आलेल्या पोलिसांना किंवा चौकशीला आलेल्या गावकऱ्यांना ते नाव सांगता आले की प्रश्न मिटतो. गावात पोहोचल्यावर आधी सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटा, किती जण आहात, कुठून आलात, सकाळी किती वाजता जाणार ते सांगा. एवढे केले की बहुतेक गावांत पाण्याची घागर आणि भाकरीचे आमंत्रण आपण होऊन येते.

उसाचा हंगाम आणि तुमचा हंगाम एकच

या मार्गावरचा सगळ्यात मोठा धोका चढ किंवा थंडी हा नाही. तो उसाच्या वाहतुकीचा आहे. सायकलसाठी चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमके तेच गाळपाचे महिने. कुंडलचा क्रांती, वांगीचा सोनहिरा, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, कराडजवळचा सह्याद्री असे कारखाने या टापूत आहेत. त्यांच्याकडे जाणारा ऊस तुमच्याच रस्त्याने जातो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्यावर मोठ्याने लावलेली गाणी, दोन्ही बाजूंना बाहेर आलेला ऊस. चालकाला तुमची घंटा ऐकू येत नाही, मागची ट्रॉली कुठे झुलते आहे हे त्याला दिसत नाही आणि भरलेली गाडी पटकन थांबतही नाही.

म्हणून हे नियम गटात वाचून दाखवा:

- उजाडण्याआधी आणि दिवस मावळल्यावर सायकल चालवायची नाही. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. नदीकाठच्या धुक्यात तर उभी ट्रॉली दहा पावलांवर आल्यावर दिसते.
- भरलेल्या ट्रॉलीला ओलांडू नका. थांबा, पाणी प्या, तिला पुढे जाऊ द्या. ओलांडायला निघालात तर दोन ट्रॉल्यांची लांबी संपेपर्यंत तुम्ही समोरून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत असता.
- ट्रॉलीच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेऊ नका, ट्रॉलीला धरून ओढून घेऊ नका आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसू नका. तरुण मुले हे तिन्ही करतात.
- बैलगाडीजवळ घंटा वाजवू नका, बैल बुजतात. लांबूनच ‘मामा, डावीकडनं येतोय’ किंवा ‘उजवीकडनं जातोय’ असे बोलून वाट मागा.
- रस्त्यावर सांडून चिरडलेला ऊस आणि शेतातून रस्त्यावर आलेला चिखल, दोन्हींवर चाक घसरते. अशा जागी ब्रेक न दाबता सरळ रेषेत पुढे चला.

पेठ-इस्लामपूरमार्गे महामार्ग गाठून कराडला जाणे नकाशावर सोपे दिसते. गट मोठा असेल आणि त्यात नवखे असतील तर माझे मत स्पष्ट आहे: तो रस्ता सोडा. पलूस-कुंडलकडून जाताना गावे जवळजवळ लागतात, थांबायला जागा मिळते. शिवाय मिरज-पुणे रेल्वे मार्ग बराच वेळ साथीला असतो. नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, शेणोली अशी स्थानके वाटेत येतात. एखाद्याला परत फिरावे लागले तर तो गाडीने सांगली-मिरजेला जाऊ शकतो. कोणती गाडी कुठे थांबते हे निघण्याआधीच लिहून ठेवा. लहान स्थानकावर सायकल नोंदवण्याची सोय असेलच असे नाही. त्यामुळे माणूस रेल्वेने आणि सायकल सोबतच्या टेम्पोतून, अशी तयारी ठेवा.

दिवस कसा चालवायचा

पाच वाजता उठा. अंधारात चहा, प्रातर्विधी, दुसऱ्या दिवसापासून तंबूची आवराआवरही. पावणेसातला सगळ्यांनी गोल उभे राहायचे. कोण आजारी आहे, कोणाचा गुडघा दुखतो आहे, हे मोकळेपणाने सांगायची हीच वेळ. प्रत्येकाने हवा, ब्रेक आणि चेन पाहायची. नीट उजाडले की निघायचे.

पुढे एक लीड आणि मागे एक स्वीप नेमा. लीड वाट ओळखणारा असावा, वेगवान नसला तरी चालतो. स्वीप मात्र गटातला सगळ्यात कणखर आणि शांत माणूस हवा. पंक्चरचे सामान, पंप आणि प्रथमोपचार पेटी त्याच्याकडे. तो कोणालाही ओलांडून पुढे जात नाही, आणि शेवटच्या माणसाला ‘चला लवकर’ असेही म्हणत नाही. बारा-पंधरा जण असाल तर चार-चार, पाच-पाचच्या तुकड्या करा आणि दोन तुकड्यांत एखादा ट्रक सहज शिरेल एवढे अंतर ठेवा. रांग एकेरी. जिथे वळण घ्यायचे तिथे वळणाऱ्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचे. हा एक नियम पाळला तर माणसे चुकत नाहीत आणि सतत फोन करावे लागत नाहीत.

पहिला थांबा दहा-बारा किलोमीटरवर, पाचच मिनिटांचा. नाश्ता पलूसच्या अलीकडे. थांबताना संपूर्ण सायकल डांबरावरून खाली उतरवा. रस्त्यावर टेकलेले मागचे चाक हेही अपघाताचे कारण असते. प्रत्येक थांब्यावर मोजणी करायची आणि आकडा जुळला तरच पुढे.

खाण्यासाठी परदेशी बारची गरज नाही. सांगलीचे भडंग मीठ-तिखटाची भूक भागवते आणि तासगावचे बेदाणे सायकलवर बसल्या बसल्या खाता येतात. भूक लागण्याआधी दर पाऊण तासाला मूठभर खा. पाणी तासाला अर्धा लिटर तरी, थंडी असली तरीही. दुपारच्या उन्हात ओआरएस घ्या. गुऱ्हाळावर थांबलात तर रस पोटभर पिऊन लगेच चढाला लागू नका.

कुंडलपर्यंत बाराच्या आत पोहोचलात तर दिवस नीट चालला असे समजा. मग जेवण आणि सावलीत पाठ टेकणे. उरलेला टप्पा ऊन उतरल्यावर निवांत करा. देवराष्ट्रेला वेळ हाती राहिला तर यशवंतराव चव्हाणांचे जन्मघर पाहा. १९१३ साली ते इथे जन्मले. सागरेश्वराची जुनी मंदिरेही जवळच आहेत. पाच किलोमीटर कमी चालवून ही दोन ठिकाणे पाहिलीत तर सहलीला अर्थ येतो.

नदीत उतरू नका

घाम आलेला असतो, भिलवडी-औदुंबरचा घाट समोर असतो, पाणी शांत दिसते. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. अंघोळ, पोहणे, अगदी काठावर बसून भांडी धुणेही टाळा. पाणी हवे असेल तर गावातल्या नळाचे किंवा विहिरीचे घ्या. ‘आम्ही पोहणारे आहोत’ म्हणणाऱ्याला गटप्रमुखाने ठामपणे अडवावे. इथे संकोच नको.

मुक्कामावर

जागा हातात कंदील असल्यासारखी वाकून पाहा. बाभळीचा एक काटा तंबूचा तळ आणि सायकलचा टायर दोन्ही फाडतो. मुक्कामावर सायकली उचलून न्या, ढकलत नेऊ नका, म्हणजे सकाळची निम्मी पंक्चर वाचतात.

उसाच्या कडेपासून लांब राहायचे ते दोन कारणांनी. कराड, शिराळा, वाळव्याच्या बाजूला उसात बिबट्या असतो. आणि उंदीर असतात म्हणून साप असतात, त्यात घोणस आणि मण्यारही. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावल्याचे कधी कळतही नाही. म्हणून तंबूची चेन पूर्ण लावा, उघड्यावर झोपू नका, सकाळी बूट झटकून घाला, रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या आणि एकट्याने जाऊ नका. साप चावलाच तर जखम कापू नका, दोरीने आवळू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. माणसाला शक्य तितके कमी हलवत थेट सरकारी रुग्णालय गाठा. निघण्याआधी मार्गावरची रुग्णालये लिहून घ्या. मिरज आणि सांगलीची शासकीय रुग्णालये, कराडचे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, आणि मुक्कामाला सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय, तिथे सर्पदंशाची लस आहे का हे फोनवर विचारून.

शेकोटी नको. आजूबाजूला वाळलेले पाचट असते आणि एक ठिणगी शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न नेते. गॅसची लहान शेगडी, तीही तंबूबाहेर. स्पीकर घरीच ठेवा. महिलांसाठी स्वच्छतागृहाची सोय जागा ठरवतानाच बघा, रात्री तिथे उजेड असेल याची खात्री करा. सोय नसेल तर ती जागा बाद. नऊला दिवे बंद. सायकली एकत्र उभ्या करून एकाच साखळीने बांधा.

एकजण थकला तर

हे निघण्याच्या आदल्या दिवशीच ठरवायचे, रस्त्यावर नव्हे. नियम सोपा ठेवा: दोन थांबे सलग स्वीपसोबत मागे राहिलेला माणूस पुढचा टप्पा टेम्पोत बसून करील आणि त्यावर कोणी काही बोलणार नाही. चक्कर, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे बोलणे किंवा घाम थांबणे दिसले तर सायकल तिथेच थांबवून १०८ ला फोन करा. सोबत वाहनच नसेल तर गट आठ जणांपेक्षा मोठा करू नका.

अपघात झाला तर तुमचे हक्क

‘सायकलला ना परवाना ना विमा, मग भरपाई कुठली?’ हा समज साफ चुकीचा आहे. सायकलला परवाना लागत नाही म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही. धडक देणाऱ्या वाहनाच्या विम्यातून तुम्ही भरपाई मागू शकता.

1. ११२ किंवा १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही आहे. मदत करणाऱ्या वाटसरूला कायद्याचे संरक्षण आहे. त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही.
2. वाहनाचा फोटो घ्या. ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोन्हींचे क्रमांक टिपा. त्यांची नोंदणी वेगवेगळी असते.
3. तडजोडीच्या दबावाखाली तक्रार टाळू नका. पोलिसांत नोंद आणि पंचनामा झाला नाही तर पुढचे सगळे अवघड होते.
4. मोटार वाहनाच्या अपघातातील जखमींसाठी केंद्राची २०२५ ची योजना आहे. त्यात नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकडविरहित मिळतात. रुग्णालयात दाखल होतानाच तिची मागणी करा.
5. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात सातारा जिल्ह्यात झाला तरी तुम्ही राहता त्या भागात, म्हणजे सांगलीत, तो दाखल करता येतो. कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती चुकवू नका.
6. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये देण्याची सरकारी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. अर्ज अपघात झालेल्या तालुक्यातील महसूल अधिकाऱ्याकडे करायचा.

स्वतःपुरती तजवीज म्हणून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी प्रत्येकाकडे हवी. वर्षाला वीस रुपये, अठरा ते सत्तर वयापर्यंत, बँक खात्यातून. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचे कवच आहे. हाड मोडल्याचा खर्च मात्र ती देत नाही, त्यासाठी आरोग्य विमा वेगळा.

आयोजकाला पैसे देण्याआधी

स्वतः न आखता शुल्क भरून सहलीला जाणार असाल तर चार गोष्टी लेखी मागा: रोजचा मुक्काम कुठे आणि परवानगी कोणाची, मदतीला वाहन आहे का, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे, आणि सहल रद्द झाली तर पैसे किती दिवसांत परत. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का हेही विचारा. अठरा वर्षांखालील मुले येणार असतील तर पालकांची लेखी संमती आणि मुलामागे एक जबाबदार मोठा माणूस असल्याशिवाय पाठवू नका.

‘सर्व जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही घेतली जाते. सही करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. अशा सहीने आयोजकाच्या निष्काळजीपणाबद्दल दाद मागण्याचा तुमचा मार्ग बंद होत नाही. शुल्क घेऊन काढलेली सहल ही ग्राहक कायद्याने सेवा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. पावती, संदेश आणि जाहिरातीचा कागद तोवर जपून ठेवा.